मिरचीच्या झाडाचे बहुवर्षायू संगोपन

एका हंगामात फळे देऊन झालेले मिरचीचे झाड उपटून न टाकता प्रतिकूल ऋतूत आसऱ्याखाली राखणे आणि अनुकूल ऋतू आल्यावर त्याच झाडापासून पुन्हा फळे घेणे, यास मिरचीच्या झाडाचे बहुवर्षायू संगोपन म्हणतात. शेतीत मिरची हे वर्षायू पीक मानले जाते. वनस्पती म्हणून मात्र ती बहुवर्षायू आहे. युरोप, उत्तर अमेरिका अशा थंड प्रदेशांत झाड हिमतुषारापासून वाचवण्यासाठी हिवाळ्यात घरात घेतात. महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, म्हणजे कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, हिवाळा हा मिरचीचा सर्वांत चांगला काळ असतो आणि झाडे मरतात ती पावसाळ्यात. म्हणून येथे हे संगोपन प्रामुख्याने झाड पावसाळ्यातून जगवण्याचे असते. दोन्ही ठिकाणचा हेतू एकच असला तरी पद्धत वेगळी आहे. थंड देशांतील सूचना जशाच्या तशा कोकणात वापरल्यास झाड बहुधा दगावते.

## वनस्पतिशास्त्रीय पार्श्वभूमी

मिरचीचा समावेश सोलॅनेसी कुलातील कॅप्सिकम या प्रजातीत होतो. वांगे, टोमॅटो, बटाटा आणि तंबाखू या वनस्पती याच कुलातील आहेत. या प्रजातीतील पाच जाती लागवडीखाली आहेत : कॅप्सिकम ॲन्युअम, कॅप्सिकम फ्रुटेसेन्स, कॅप्सिकम चायनेन्स, कॅप्सिकम बॅकॅटम आणि कॅप्सिकम प्युबेसेन्स. महाराष्ट्रात पिकणारी बहुतेक हिरवी व लाल मिरची तसेच ढोबळी मिरची पहिल्या जातीतील आहे.

‘ॲन्युअम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘वार्षिक’ असा आहे. कार्ल लिनीयस यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात हे नाव आले आहे. युरोपच्या हिवाळ्यात हे झाड उघड्यावर टिकत नाही, त्यामुळे तेथे ते एका वर्षाचे मानले जाणे स्वाभाविक होते. उष्ण प्रदेशात त्याच जातीचे झाड दोन-तीन वर्षे किंवा त्याहून अधिक जगते, त्याचे खोड खालून लाकडासारखे कठीण होते आणि ते लहान झुडपाचे रूप घेते. कॅप्सिकम प्युबेसेन्स ही दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील जात तर अनेक वर्षे जगते आणि थंड हवाही बरीच सहन करते. मात्र तिला तीव्र उष्मा मानवत नाही.

खोडाचा खालचा भाग आणि मुळे जिवंत असली, तर फांद्या छाटल्यावरही पेरांवरील सुप्त कळ्यांतून नवी फूट येते. बहुवर्षायू संगोपनाचा सर्व आधार या गुणधर्मावर आहे. जुन्या झाडाला तयार मुळे असल्यामुळे नवी फूट वेगाने वाढते. बियांपासून सुरुवात करताना रोपवाटिकेतील ३५ ते ४५ दिवस आणि पुनर्लागवडीनंतर पहिल्या तोड्यापर्यंतचे सुमारे दोन ते अडीच महिने लागतात. राखलेल्या झाडाच्या बाबतीत यातील बराचसा काळ वाचतो.

मिरचीच्या वाढीस साधारणपणे २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. १५ अंशांखाली वाढ मंदावते, तापमान बराच काळ १० अंशांखाली राहिल्यास पाने व फळांना इजा होते आणि हिमतुषाराने झाड मरते. दुसऱ्या टोकाला, दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेल्यास फुले व कोवळी फळे गळू लागतात. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. माती पाण्याने पूर्ण भरली की तिच्या पोकळ्यांतील हवा निघून जाते आणि मुळांचा श्वास कोंडतो. असे झाड पाण्यात उभे असूनही मान टाकते. हे पाहून त्याला पाणी कमी पडले असे समजणे आणि आणखी पाणी घालणे ही घरगुती बागेत सर्रास आढळणारी गफलत आहे.

## इतिहास

मिरचीचे मूळ स्थान मध्य व दक्षिण अमेरिका आहे. तेथे तिची लागवड सुमारे ६,००० वर्षांपूर्वीपासून होत असल्याचे पुरावे मिळाले आहेत. क्रिस्तोफर कोलंबसच्या सफरींनंतर, म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीस, ती युरोपात पोहोचली. भारतात ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आली. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला होता आणि पश्चिम किनारा हाच मिरचीच्या भारतातील प्रसाराचा आरंभबिंदू मानला जातो. त्यापूर्वी येथील स्वयंपाकात तिखटपणासाठी मुख्यतः मिरी, पिंपळी आणि आले वापरले जाई. ‘मिरची’ हे नाव ‘मिरी’ या शब्दाशी निगडित आहे. कोकणी भाषेत मिरचीला ‘मिरसांग’ म्हणतात.

महाराष्ट्रात आणि लगतच्या भागांत पुढे अनेक स्थानिक मिरच्या प्रसिद्धीस आल्या. बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वरी, कर्नाटकातील ब्याडगी, नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी आणि गोव्यातील खोला व हरमल या त्यांपैकी काही होत. ब्याडगी, भिवापुरी, खोला आणि हरमल या मिरच्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. लहान, अतितिखट लवंगी मिरची घरोघरी परसात लावली जाते. परसातील झाड शेतातल्यासारखे हंगाम संपताच काढून टाकले जात नाही, त्यामुळे ते आपोआप एकापेक्षा जास्त वर्षे राहिल्याचे अनेक ठिकाणी दिसते.

## कर्जत व खालापूर परिसराचे हवामान

कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, बोरघाटाच्या खाली आहेत. कर्जतमधून उल्हास आणि खालापूरमधून पाताळगंगा या नद्या वाहतात. समुद्रापासून आत असल्याने येथील हवामान अलिबाग किंवा मुरूडसारख्या किनाऱ्यावरील गावांपेक्षा अधिक विषम आहे. मिरचीच्या दृष्टीने येथील वर्षाचे तीन भाग पडतात.

पावसाळा (जून ते सप्टेंबर). मुंबई परिसरात मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर आहे. कर्जत-खालापूरचे वेळापत्रक याच्या जवळपास असते. घाटाच्या पायथ्याला ढग अडत असल्यामुळे येथे वर्षाला साधारणपणे ३,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. कर्जत तालुक्यातीलच माथेरानच्या डोंगरावर तो सुमारे ५,००० मिलीमीटर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये अनेक दिवस सूर्यदर्शन होत नाही आणि हवेतील आर्द्रता सतत जास्त राहते. तापमान मात्र फारसे उतरत नाही.

हिवाळा (नोव्हेंबर ते फेब्रुवारी). आकाश निरभ्र असते, दिवस उबदार आणि रात्री गार असतात. काही रात्री किमान तापमान १० ते १२ अंशांपर्यंत उतरते. एवढ्या थंडीने मिरचीची वाढ काही दिवस मंदावते, पण झाड मरत नाही. हिमतुषार येथे पडत नाही. फुले धरण्यासाठी हाच काळ उत्तम असतो.

उन्हाळा (मार्च ते मे). दुपारचे तापमान काही दिवस ४० अंशांच्या वर जाते. फुलगळ होते, कुंडीतील माती एका दिवसात सुकते आणि कोळी व फुलकिड्यांचा उपद्रव वाढतो.

दोन्ही तालुक्यांचे मुख्य पीक भात आहे. कर्जत येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र असून ते भाताच्या वाणांसाठी ओळखले जाते. भाताचे खाचर बांध घालून पाणी साठवण्यासाठीच केलेले असते. जे पाणी भाताला जगवते तेच मिरचीला मारते. त्यामुळे सखल जमिनीत मिरची भात निघाल्यानंतर लावली जाते. खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत केंद्रांतून बाहेर पडणारे पाणी अनुक्रमे पाताळगंगा आणि पेज या नद्यांना मिळते. त्यामुळे या नद्यांना उन्हाळ्यातही पाणी असते आणि त्यांच्या काठच्या गावांना पावसाळ्यानंतर भाजीपाला घेता येतो. पुढचा पावसाळा आला की ही झाडे बहुधा टिकत नाहीत.

पावसात मिरची मुळीच होत नाही, असा याचा अर्थ नव्हे. गोव्याच्या काणकोण तालुक्यातील खोला मिरची डोंगरउतारांवर पावसाच्याच पाण्यावर घेतली जाते. तेथे पाऊस भरपूर असला तरी उतारामुळे पाणी मुळाशी थांबत नाही. कर्जत-खालापूरमधील वरकस, म्हणजे उताराच्या, जमिनीलाही हाच नियम लागू पडतो. झाडाच्या नाशाचे मूळ कारण पावसाचे प्रमाण नसून साचलेले पाणी, सतत ओली पाने आणि अपुरा प्रकाश हे आहे.

## थंड प्रदेशांतील पद्धत

ज्या देशांत हिवाळ्यात तापमान शून्याखाली जाते, तेथे रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास येताच कुंडीतील झाड घरात घेतात. उरलेली फळे काढून फांद्या आखूड छाटतात, जुनी माती झटकून ताजी भरतात आणि झाड १० ते १५ अंश तापमानाच्या, गरम न केलेल्या पण गोठणार नाही अशा खोलीत ठेवतात. या तापमानाला झाडाची वाढ जवळजवळ थांबते. वाढ थांबल्यामुळे त्याला प्रकाश, पाणी आणि खत अगदी थोडे पुरते. वसंत ऋतूत हिमतुषाराचा धोका संपल्यावर झाड रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवून हळूहळू उन्हाची सवय लावतात. परदेशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ठेच्यासाठी व फोडणीसाठी लावलेली मिरची टिकवायची असल्यास हीच पद्धत उपयोगी पडते.

या पद्धतीचे मर्म थंडीत आहे. गारव्यामुळे झाड झोपी जाते, म्हणून ते अंधुक जागेत तग धरते. कर्जतच्या जुलैमध्ये हवा उबदार असते; झाड झोपत नाही. अशा वेळी ते घरातील काळोख्या कोपऱ्यात ठेवल्यास प्रकाशाच्या शोधात लांब, पांढुरक्या आणि अशक्त फांद्या फुटतात, साठवलेले अन्न संपते आणि झाड मरते. म्हणून येथे झाडाला पावसापासून आडोसा द्यायचा असतो, उजेडापासून नव्हे.

## कर्जत-खालापूर परिसरासाठी योग्य पद्धत

### झाडाची निवड

सर्वच झाडे राखण्याजोगी नसतात. ज्याचे खोड बुंध्याशी कठीण झाले आहे, पाने सपाट व निरोगी आहेत आणि ज्याने हंगामात चांगली फळे दिली आहेत असे झाड निवडावे. पाने आकसलेले, शेंडा वाळत चाललेले किंवा बुंध्याशी काळे पडलेले झाड राखू नये. परसातील दहा झाडांपैकी दोन-तीन निवडून त्यांची नीट काळजी घेणे सोयीचे ठरते.

### कुंडीत हलवणे

झाड जमिनीत असल्यास मे महिन्याच्या मध्यापर्यंत ते कुंडीत घ्यावे. आदल्या संध्याकाळी आळे भिजवावे, दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर बुंध्याभोवती वीतभर अंतर सोडून माती खणावी आणि मुळांचा गड्डा न फोडता झाड उचलावे. १० ते १२ इंच व्यासाची कुंडी एका झाडाला पुरते. पावसाळ्यासाठी मातीपेक्षा निचरा महत्त्वाचा असतो. लाल माती, चांगले कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत आणि निचऱ्यासाठी जाड वाळू किंवा भाताचे तूस असे समप्रमाणात घेतलेले मिश्रण वापरता येते. भात गिरण्यांमुळे तूस या भागात सहज मिळते. खाचरातील चिकण माती कुंडीत भरू नये. कुंडीच्या तळाला तीन-चार भोके असावीत आणि ती विटांवर टेकवून ठेवावी, म्हणजे भोके बुजत नाहीत. खालची थाळी पावसाळ्यात काढून टाकावी.

### छाटणी

थंड प्रदेशातल्यासारखी बुंध्यापर्यंत छाटणी येथे करू नये. वाळलेल्या, एकमेकींत अडकलेल्या आणि आतल्या बाजूस वाढणाऱ्या फांद्या काढून उरलेल्या फांद्या सुमारे एकतृतीयांश आखूड कराव्यात. झाडाचा मधला भाग मोकळा झाल्याने वारा खेळतो आणि पाने लवकर सुकतात. छाटणी कोरड्या दिवशी, मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उरकावी. ओल्या हवेत केलेल्या जखमांतून बुरशी शिरते. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने किंवा उकळत्या पाण्याने स्वच्छ करावी. दाट छाटणी करायची असेल, तर ती पाऊस संपल्यावर करावी.

### जागा

वरून छप्पर आणि बाजूने उजेड असलेली जागा सर्वांत योग्य. जुन्या घरांची पडवी, ओटीची कड, इमारतीतील सज्जा किंवा पारदर्शक पत्र्याचे छप्पर यांचा उपयोग होतो. जागा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

* पागोळ्यांखाली कुंडी ठेवू नये. छपरावरचे सगळे पाणी एका धारेने कुंडीत पडून माती वाहून जाते व मुळे उघडी पडतात.
* पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे दक्षिण व पश्चिमेकडील पडवीत झड आत येते. पूर्वेकडील बाजू त्या मानाने कोरडी असते आणि तेथे सकाळचा प्रकाशही मिळतो.
* पारदर्शक प्लॅस्टिकचा मांडव केल्यास त्याच्या बाजू मोकळ्या ठेवाव्यात. चारी बाजू बंद केल्यास आत वाफ कोंडते व पाने कुजतात.
* उघडीप मिळताच कुंड्या उजेडात काढाव्यात, पण अनेक दिवस आडोशाला राहिलेले झाड एकदम कडक उन्हात ठेवू नये, पाने भाजतात.

पूर्ण घरातच ठेवावे लागले, तर खिडकीलगत ठेवावे किंवा एलईडी दिव्याचा रोज १२ ते १४ तास उजेड द्यावा.

### पाणी व खत

पावसाळ्यात हवा दमट असल्याने कुंडीतील पाणी हळू सुकते. मातीत बोट दोन पेरांपर्यंत घालून पाहावे. आत कोरडे लागले तरच पाणी द्यावे. अनेकदा आठवड्यातून एकदा दिलेले पाणी पुरते. जून ते ऑगस्ट या काळात नत्रयुक्त खत देऊ नये. उजेड कमी असताना खतामुळे येणारी फूट कोवळी, लुसलुशीत असते आणि मावा व बुरशी यांना लगेच बळी पडते. या दिवसांत आलेली फुले खुडून टाकल्यास झाडाची ताकद टिकते.

### पावसाळ्यानंतर

सप्टेंबरच्या अखेरीस उघडीप वाढू लागते. तेव्हा कुंड्या टप्प्याटप्प्याने उन्हात आणाव्यात : पहिले तीन-चार दिवस केवळ सकाळचे ऊन, नंतर दुपारपर्यंतचे आणि आठ-दहा दिवसांनी दिवसभराचे. वरची दोन बोटे माती काढून तेथे ताजे शेणखत-मिश्रण भरावे. शेणखत पूर्ण कुजलेले असावे. कच्च्या शेणाने मुळे जळतात व हुमणीचा त्रास वाढतो. वाळलेली टोके छाटावीत. ऑक्टोबरच्या उन्हात जोमाने नवी फूट येते. त्याच सुमारास बियांपासून तयार होणारी रोपे अद्याप वाफ्यात असतात. जुन्या झाडावर मात्र फुले दिसू लागलेली असतात. झाड जमिनीत परत लावायचे असल्यास सरी-वरंब्याच्या वरंब्यावर किंवा उंच गादीवाफ्यावर लावावे.

### उन्हाळ्यातील काळजी

मार्चनंतर दुपारच्या वेळी ५० टक्के सावलीची जाळी किंवा आंब्या-फणसाची विरळ सावली उपयोगी पडते. पाणी सकाळी लवकर द्यावे आणि मातीवर पेंढ्याचे आच्छादन करावे. शेतघरांत केवळ शनिवार-रविवारी येणाऱ्यांच्या कुंड्या बहुधा एप्रिल-मेमध्येच सुकतात. अशा ठिकाणी ठिबक सिंचन नसेल, तर झाड कुंडीऐवजी जमिनीत, आच्छादनासह ठेवून मेमध्ये उचलणे अधिक सुरक्षित असते.

## कीड व रोग

राखलेल्या झाडाच्या बाबतीत कीड व रोगांकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण झाडाबरोबर त्यांचाही मुक्काम लांबतो.

चुरडा-मुरडा (बोकड्या). मिरचीच्या पानांचा हा सर्वपरिचित विकार एकाच कारणाने होत नाही. फुलकिड्यांमुळे पानांच्या कडा वरच्या बाजूस वळतात, तर कोळ्यांमुळे त्या खालच्या बाजूस वळून पान उलट्या होडीसारखे दिसते. पर्णगुच्छ विषाणूमुळे पाने बारीक, जाड व सुरकुतलेली होतात आणि झाड खुरटते. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. पहिल्या दोन प्रकारांत कीड आटोक्यात आणल्यास नवी पाने चांगली येतात. विषाणू लागलेले झाड मात्र बरे होत नाही. छाटणीनंतर आलेली नवी फूटही आकसलेलीच असेल, तर झाड उपटून नष्ट करावे.

जिवाणूजन्य मर. हिरवेगार झाड एक-दोन दिवसांत अचानक सुकते. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात लटकवून धरल्यास कापलेल्या टोकातून दुधाळ धागे उतरताना दिसतात. अशा कुंडीतील माती मिरची, वांगी किंवा टोमॅटोसाठी पुन्हा वापरू नये.

मूळकूज. साचलेल्या पाण्यात बुरशीजन्य रोगांमुळे बुंधा व मुळे तपकिरी-काळी होऊन कुजतात. यावर उपायापेक्षा निचरा हाच प्रतिबंध होय. लागवडीच्या मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळल्याने मदत होते.

फांद्या वाळणे व फळकूज. शेंड्याकडून खाली फांदी वाळत येते आणि पिकणाऱ्या फळांवर गोल, खोलगट काळे डाग पडतात. वाळलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून जाळावा.

मावा. कोवळ्या शेंड्यांवर व पानांखाली राहतो. मुंग्यांची रांग झाडावर दिसली की मावा शोधावा. पाण्याच्या फवाऱ्याने तो बराचसा धुतला जातो. पाच टक्के निंबोळी अर्क मावा, फुलकिडे व पांढरी माशी यांवर उपयोगी आहे. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, सकाळी गाळून, एकूण एक लिटर द्रावण करून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारतात. पांढरी माशी पकडण्यासाठी पिवळे चिकट सापळे लावतात.

तंबाखूवरील मोझॅक विषाणू मिरचीलाही लागतो आणि तो हातांनी पसरतो. तंबाखू मळल्यावर किंवा विडी ओढल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय झाडाला हात लावू नये.

## शेतीतील शिफारशीशी विरोध

व्यापारी मिरची शेतीत हंगाम संपताच जुनी झाडे उपटून नष्ट करण्याची शिफारस केली जाते, तर परसबागेत तीच झाडे राखली जातात. हा विरोध वरवरचा नाही. पांढरी माशी आणि फुलकिडे यांना वर्षभर यजमान झाड मिळाले, तर एका हंगामातील विषाणू व किडी पुढील हंगामातील कोवळ्या रोपांपर्यंत पोहोचतात. मधला काही काळ शेत मोकळे राहिल्यास ही साखळी तुटते. फुलकिड्यांच्या ‘थ्रिप्स पार्व्हिस्पायनस’ या नव्याने आलेल्या जातीने २०२१-२२ च्या हंगामात तेलंगणा व आंध्र प्रदेशातील मिरचीचे मोठे नुकसान केल्यानंतर या खबरदारीचे महत्त्व अधिक जाणवू लागले.

यावरून परसबागेसाठी काही मर्यादा ठरतात. मिरची, टोमॅटो किंवा वांग्याच्या शेताला अथवा रोपवाटिकेला लागून जुनी झाडे राखू नयेत. आपल्याकडील एक आजारी झाड शेजाऱ्याच्या संपूर्ण वाफ्याला रोग देऊ शकते. ज्याचे घर त्या वाफ्यावर चालते त्याचे नुकसान हौसेच्या चार मिरच्यांनी भरून निघत नाही. राखलेल्या झाडांची आठवड्यातून एकदा तपासणी करावी आणि शंका येताच झाड काढावे. शेतकऱ्याने एकरभर मिरची दुसऱ्या वर्षी राखणे हे याच कारणाने हितावह नसते.

## उपयुक्तता

घरगुती पातळीवर या पद्धतीचा लाभ केवळ लवकर मिळणाऱ्या मिरच्यांपुरता नाही. मिरचीचे फूल स्वपरागित होऊ शकते, पण मधमाश्या व अन्य कीटकांमुळे त्यात परपरागीभवनही बऱ्याच प्रमाणात होते. परसात लवंगी आणि ढोबळी मिरची शेजारी असतील, तर लवंगीच्या बियांपासून होणारी सर्व रोपे लवंगीचीच असतील याची खात्री देता येत नाही. संकरित वाणांच्या बियांपासून तर मूळ वाणासारखी रोपे येतच नाहीत. मूळ झाड राखल्यास त्याचे गुण जसेच्या तसे टिकतात. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या, बाजारात बी न मिळणाऱ्या मिरचीच्या बाबतीत हे विशेष मोलाचे आहे. एका पावसाळ्यात सर्व झाडे गेली आणि बी ठेवलेले नसेल, तर तो वाण त्या घरापुरता संपतो.

म्हणून झाड राखणे आणि बी राखणे ही दोन्ही कामे बरोबरीने करावीत. बी धरण्यासाठी एखाद्या फांदीवरील कळ्यांना उमलण्यापूर्वी मलमलीची पिशवी बांधावी, फळ धरल्यावर पिशवी काढून त्या फळाला दोऱ्याने खूण करावी आणि ते झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावे. सावलीत वाळवलेले बी कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे. कोवळ्या-जून फांदीच्या छाटापासूनही रोप करता येते, मात्र त्यात यशाचे प्रमाण कमी असते.

## मर्यादा

राखलेले झाड अमर नसते. वय वाढते तशी फूट विरळ होते, फळे लहान येतात आणि खोडात रोग शिरण्याची शक्यता वाढते. ढोबळी मिरचीसारख्या मोठ्या फळांच्या प्रकारांत ही उतरण लवकर दिसते. लवंगीसारखे लहान फळांचे प्रकार अधिक काळ समाधानकारक फळे देतात. दर वर्षी एक-दोन नवी रोपे तयार ठेवून सर्वांत जुने झाड काढून टाकणे, हा परसबागेसाठी व्यवहार्य मार्ग आहे. सर्व काळजी घेऊनही अतिवृष्टीच्या वर्षी काही झाडे जातात. त्यामुळे एकाच झाडावर विसंबून न राहता किमान दोन झाडे निरनिराळ्या जागी ठेवणे इष्ट असते.